कडी

तिसरी कोंबडी गेली तेव्हा मी मोजायला लागले.
रविवारी तुर्‍याची, बुधवारी काळी,
मग ती आंधळी, जी माझ्या पावलांवरून
मला ओळखायची.
रक्त नाही. चार पिसं गडग्यावर, एक काजूखाली,
आणि पातेरा असा,
की त्यावरून कुणी गेलंच नाही.

शेजारची सुलभा म्हणाली, मुंगूस.
मासळीवाला सादिक म्हणाला, कोल्हा, नायतर माणूस.
सासरे काही म्हणाले नाहीत.
याकूब होडेकर, वय एक्याऐंशी,
बत्तीस वर्षं बोटीवर,
आता पडवीतल्या खुर्चीत बसून
नाट्याच्या खाडीत कोण आत येतं, कोण बाहेर जातं
एवढं बघतात.

वनखात्याच्या पोराने काजूला कॅमेरा बांधला.
रात्री दोन वाजून सतरा मिनिटं.
फोटो काळापांढरा. मांजराएवढी, पण मांजर नव्हे.
कपाळावर चार रेघा,
काजळाची बोटं कुणी वर ओढत नेल्यासारख्या,
आणि अंगभर ठिपके,
ओच्यातली करवंदं सांडावीत तसे.
"वाघाटी," पोरगा म्हणाला.
"बिबट्याचं पिल्लू समजून मारतात हिला.
तुम्ही खुराड्याची कडी नीट लावा, भाभी."

सासर्‍यांनी फोन लांब धरला, मग जवळ.
म्हणाले, "ही ती नाही."

ती कोण, हे संध्याकाळपर्यंत विचारावं लागलं नाही.

सत्तरचं साल. ग्वायाकिल, केळ्यांचं बंदर,
नदीचं पाणी चहासारखं.
बोटीच्या भंडार्‍याने दोन पाकिटं सिगारेट देऊन
केळ्यांच्या खोक्यातलं पिल्लू घेतलं.
पुस्तकातलं नाव ओसेलॉट.
धक्क्यावरची पोरं तिग्रियो म्हणायची, बोटीवर झालं तिगू.
"हिचे ठिपके सुटे आहेत. तिचे एकात एक गुंतलेले, साखळीसारखे.
आणि ठेवली कुठे, तर नांगराच्या साखळीच्या खोलीत."
दिवसभर झोपायची.
रात्री इंजिनाच्या ठोक्यावर फेर्‍या घालायची.
सासर्‍यांची पाळी बारा ते चार;
डब्यातली मासळी ते बोटाने चारायचे.
बोट दाखवलं मला. उजवं, मधलं.
तिथे आता काही दिसत नाही.

पुढच्या बंदरात तपासणी होती.
कप्तान म्हणाला, नको ही भानगड.
खोकं होतंच. खिळे कुणीतरी मारायचे होते.
"केळ्यांची खोकी तरंगतात," सासरे म्हणाले.
"आम्हाला ठाऊक होतं ते. तरी."
मग त्यांनी पाणी मागितलं
आणि पिता पिता विचारलं,
भरती किती वाजता आहे.

माझ्या हातची कडी मला ठाऊक आहे.
आधी पट्टी, मग काथ्याची गाठ, डावीकडे दोन वेढे.
सकाळी गाठ सुटलेली असायची,
तुटलेली कधीच नव्हती.
वाघाटीला नखं असतात, बोटं नसतात.
खलाशाची गाठ खलाशीच अशी सोडतो,
दोरा न दुखवता.

मी त्यांना काही बोलले नाही.
नवर्‍याला दुबईत फोनवर सांगितलं, मुंगूस आहे.

त्या रात्री जाग होती. बाराचे ठोके,
मग पडवीची फळी वाजली.
अनवाणी पाय जांभ्यावर,
थांबत, थांबत, दम घेत.
मग बराच वेळ नुसती गाज.
खिडकीशी गेले तर
गडग्यावर एक शेपूट होतं, जाड, खाली सोडलेलं;
बाकीचं अंग अंधारात इतकं मिसळलेलं
की शेपूटच बसलंय वाटावं.
आणि खुराड्यापासून दहा पावलांवर
म्हातारा, लुंगीत, दोन्ही हात मोकळे.
कुणीच कुणाला हाकललं नाही.

आता मी एवढंच करते:
अंड्यावरच्या दोघींना दिवस मावळताच
टोपलीखाली स्वयंपाकघरात घेते.
दहा रुपयांना अंडं आहे हल्ली.
म्हातारी कोंबडी बाहेर ठेवते
आणि गाठ मारते सैलशी,
त्यांच्या हातांना आताशा कंप असतो.